अभ्यास मंडळातला कांदा

आमच्या कॉलेजात जूनमध्ये मुलं एकमेकांचं नाव विचारण्याआधी पॅटर्न, म्हणजे कुठल्या सालचा अभ्यासक्रम ते, विचारतात. "तू कुठल्या पॅटर्नचा रे?" नव्या पॅटर्नची असतात, जुन्या पॅटर्नची असतात, आणि त्याही आधीच्या पॅटर्नचे, विषय राहिलेले एटीकेटीवाले असतात, जे फक्त परीक्षेच्या हंगामात दिसतात आणि शिपायाला आमच्यापेक्षा जास्त ओळखतात. मी तालुक्याच्या गावी, कांद्याच्या पट्ट्यात, अर्थशास्त्र शिकवते. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे काय शिकवायचं ते एका ठिकाणी ठरतं, प्रश्नपत्रिका दुसरीकडे निघते, उत्तरपत्रिका तिसरीकडे तपासली जाते. आमच्या वाट्याला येतो तो फळा.

नवं शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 ला मंजूर झालं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी ते 2023-24 पासून राबवायला घेतलं, आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांनी 2024-25 पासून. तेव्हापासून स्टाफरूममधली भाषाच बदलली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पुढच्या वर्गांना एफपी, सीईपी, ओजेटी. बाहेरचा माणूस दाराशी उभा राहिला तर त्याला वाटेल, रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये आलो. पहिल्या वर्षाची मुलगी दारातून डोकावून विचारते, "मॅडम, माझी ओई कुठंय?" आणि तिची ओई, म्हणजे तिच्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय, कुठं आहे हे खरंच कुणाला सांगता येत नाही, कारण ती घेणारे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासापुरत्या मानधनावर, आहेत आणि त्यांची ऑर्डर अजून निघालेली नाही.

धोरणातल्या कल्पनेशी माझं भांडण नाही. कलाशाखेच्या मुलीनं वाणिज्याचा एखादा विषय घ्यावा, विज्ञानाच्या मुलानं इतिहास वाचावा, हे मला मनापासून हवं आहे. पण मोठ्या शहरातल्या कॉलेजात विषयांची जी 'बास्केट' असते, तिच्यात आमच्याकडे दोनच फळं असतात, त्यातलं एक संपलेलं. निवड कागदावर मुलीची, प्रत्यक्षात वेळापत्रकाची. आणि वेळापत्रक एसटीचं.

हे शेवटचं कुणी फार बोलत नाही म्हणून थोडं थांबते. आमची निम्म्याहून अधिक मुलं आसपासच्या गावांतून पासवर येतात. विद्यार्थ्यांना पासात दोन-तृतीयांश सवलत आहे, मुलं त्या पासाच्या जिवावरच शिकतात. पण दुपारची एक गाडी चुकली की वरच्या अंगाच्या गावांना पुढची गाडी थेट संध्याकाळी. नव्या पॅटर्नमध्ये विषय वाढले, तास दुपारपर्यंत लांबले, आणि दीड वाजल्यानंतरचे तास आपोआप ओस पडले. आम्ही प्राध्यापक मंडळी हजेरीपट बघून "मुलांना गांभीर्य नाही" म्हणत बसलो होतो. मग कार्यालयातल्या एका कारकुनानं, जो स्वतः त्याच गाडीनं जातो, गाड्यांच्या वेळा वहीत लिहून वेळापत्रक समितीपुढे ठेवल्या. प्रात्यक्षिकं आणि ओई सकाळी आली, मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, मोठे तास मधे आले, वर्ग भरू लागले. त्यासाठी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कुठल्याही अभ्यास मंडळाची मंजुरी लागली नाही.

विद्यार्थ्यांचा अनुभव सुधारायचा म्हटलं की आमच्याकडे पहिली गोष्ट होते ती फीडबॅक फॉर्मची. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकला तो लागतो: विद्यार्थ्यांचा, शिक्षकांचा, माजी विद्यार्थ्यांचा, नोकरी देणाऱ्यांचा, वर त्याचं विश्लेषण आणि त्यावर काय केलं त्याचा अहवाल. मोबाईलवर दुवा जातो, मुलं बसस्टँडवर उभ्या उभ्या भरतात, सगळीकडे चार, एखाद्या ठिकाणी पाच. 'अभ्यासक्रम उद्योगजगताच्या गरजांशी सुसंगत आहे का?' यावर आमच्या गावातल्या मुलानं काय म्हणावं अशी अपेक्षा आहे मला कळत नाही. उद्योगजगत म्हणजे त्याला दिसतं ते एक जिनिंग, दोन पेट्रोलपंप आणि बाजार समिती. फॉर्मच्या तळाशी 'इतर सूचना' अशी एक रिकामी चौकट असते. तिथं खरं येतं. 'मुलींच्या टॉयलेटला आतून कडी नाही.' अभ्यासक्रमाच्या फॉर्ममध्ये कडी! समन्वयकांनी ती सूचना 'अभ्यासक्रमाशी संबंधित नाही' म्हणून वेगळी काढली होती. मला ती अख्ख्या फॉर्ममधली सर्वांत शैक्षणिक सूचना वाटते. जी मुलगी सकाळी सातपासून पाणी न पिता बसते, ती शेवटच्या तासाला काय शिकणार?

एका वर्षी मी माझ्या वर्गात कोरे कागद वाटले. नाव नको, इंग्रजी नको, मनात येईल ते लिहा. बरंच काही आलं. फळ्याच्या उजव्या बाजूला उन्हाची तिरीप येते, दिसत नाही. नोट्स इंग्रजीत आहेत आणि पुस्तक मराठीत, कुठला शब्द कुठला ते कळत नाही. प्रश्न विचारला की मुलं वळून बघतात. आणि वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शब्दांत, पुन्हा पुन्हा एक तक्रार: मार्क कुठं गेले ते कळत नाही. एकानं लिहिलं होतं, 'मी तेच लिहिलं जे मित्रानं लिहिलं. त्याला जास्त पडले. माझं काय चुकलं ते कोण सांगणार?'

कोण सांगणार, याचं उत्तर आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहे. 1854 च्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ शिकवत नव्हतं; परीक्षा घेत होतं, पदव्या देत होतं. शिकवायचं ते कॉलेजांनी. मुंबईच्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडीत, 1862 साली, चारच जण होते: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चौघांसाठी ती यंत्रणा ठीक असेल. पुढे 1900 च्या सुमाराला लंडननं स्वतःची पुनर्रचना करून अध्यापन करणाऱ्या विद्यापीठाचं रूप घेतलं. मुंबईतही नंतर विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आले, 1919 मध्ये अर्थशास्त्र-समाजशास्त्राचा आला, समाजशास्त्राला पॅट्रिक गेडेससारखा प्राध्यापक आला. पण पदवीच्या पातळीवर, कॉलेजांच्या बाबतीत, मूळ सांगाडा तोच राहिला. शिकवणारा एक, तपासणारा दुसरा, आणि दोघांची गाठ पडायची नाही असा नियम.

याच रानड्यांचं एक मला फार वाटतं. ते पुढे त्याच विद्यापीठाच्या कारभारात बसले आणि मराठीला अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत झगडत राहिले. न्यायमूर्ती, अर्थशास्त्रावर लिहिणारे, समाजसुधारक. आणि तरीही त्यांना अभ्यासक्रमातल्या एका विषयासाठी इतकी वर्षं घालवावी लागली. अभ्यासक्रम हलवणं किती जड असतं याची कल्पना यावी.

मीही एकदा अभ्यासक्रमाच्या उपसमितीत होते. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अभ्यास मंडळ असतं, त्याच्यावर विद्यापरिषद असते. पण प्रत्यक्ष मजकूर उपसमित्यांमध्ये तयार होतो, चहा-बिस्किटांवर, लॅपटॉपवर जुनी फाईल उघडून. द्वितीय वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, शिकवताना चहा-कॉफी, पेन-शाई अशी उदाहरणं असतात. मी म्हटलं, शेतमालाच्या बाजारावर एक पूर्ण घटक घेऊ. मुलांच्या घरात कांदा आहे, बाजार समिती चालत जायच्या अंतरावर आहे, लिलाव रोज होतो. सगळ्यांनी मान डोलावली. एक ज्येष्ठ सर अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, कल्पना सुंदर आहे. पण प्रश्नपत्रिकेत कशी बसवायची?" दुसऱ्यांनी विचारलं, "पुस्तक कुठंय?"

त्या दोन प्रश्नांत आपल्या अभ्यासक्रमाचं सगळं गुपित आहे. जे प्रश्नपत्रिकेत बसत नाही ते शिकवलं जात नाही आणि ज्याचं पुस्तक नाही ते विचारलं जात नाही. शेवटी कांदा आला, पण चौथ्या घटकातला चौथा उपघटक म्हणून, 'कृषी विपणन: अर्थ व समस्या' या नावानं. बाजारात गाईड यायला महिनाही लागला नाही. आणि परीक्षेत तो आला तसाच आला: टीप लिहा, कृषी विपणनातील समस्या. मुलांनी सहा मुद्दे पाठ केले. त्यातल्या एकाच्या वडिलांचा कांदा त्याच आठवड्यात मार्केटला होता, आणि त्यानं लिहिलेल्या सहा मुद्द्यांत त्यांची अडचण नव्हती.

मग नव्या पॅटर्नमध्ये फील्ड प्रोजेक्ट आला. इथं मात्र धोरणानं आम्हाला खरंच काहीतरी दिलं, आणि हे मी नाइलाजानं नाही, आनंदानं लिहिते. मुलांना गटांनी बाजार समितीत पाठवलं. प्रश्नावली आधी देऊ नका, असं मी स्वतःलाच बजावलं होतं. पहिल्या दिवशी फक्त बघायचं: ट्रॅक्टर कधी लागतो, लिलाव किती सेकंदांत संपतो, व्यापारी कांद्यात हात घालून काय बघतो, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी का निघते, कागदावर आकडा कोण लिहितं. दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी हिशेबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, आणायची.

पट्ट्यांनी वर्ग फिरवला. कित्येक मुलांनी आपल्या घरची पट्टी पहिल्यांदा नीट वाचली. हमाली, तोलाई, वाराई या कपाती: कुठल्या पट्टीत आहे, कुठल्या पट्टीत नाही, आणि का नाही? अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासून शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे, हे एका मुलीला वडिलांना सांगायचं होतं. वडिलांनी तिला सांगितलं की पट्टीवर काय लिहिलंय आणि भावात काय धरलंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती दुसऱ्या दिवशी वर्गात हेच घेऊन आली, आणि करभार कुणावर पडतो आणि अखेर कुणाच्या खिशातून जातो हा जो धडा मी दरवर्षी आलेख काढून शिकवते आणि दरवर्षी वाया जातो, तो त्या दिवशी फळ्यावर काही न लिहिता झाला.

लवचीकतेचंही तसंच. "भाव अर्धा झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खातं का?" असं मागच्या बाकावरून एकानं सहज म्हटलं, आणि मी खडू ठेवला. नाही खात. म्हणूनच आवक थोडी वाढली की भाव धडाधड कोसळतो. मग दुसरा म्हणाला, कांदा साठवायच्या चाळीत ठेवावा. मग तिसऱ्यानं चाळीतल्या उन्हाळ कांद्याचं वजन कसं घटतं, कोंब कधी फुटतात, सड किती निघते ते सांगितलं, आणि साठवणुकीचा खर्च, जोखीम, वाट बघण्याची किंमत ही सगळी प्रकरणं एकामागून एक वर्गात येत गेली. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. त्या काळातले भाव मुलांनी बाजार समितीच्या नोंदींतून उतरवून आणले होते. त्यांना धोरण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या घरात त्या डिसेंबरात मोटरसायकलचा हप्ता थकला होता.

एवढं सगळं झाल्यावर अहवाल आले. 'प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, निष्कर्ष.' तीच मुलं, आणि भाषा कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानातली. 'सदर संशोधनातून असे निदर्शनास येते की...' एका गटानं तर तयार अहवाल विकत आणून वरचं पान बदललं होतं. आत जिल्हा दुसराच होता आणि पीक सोयाबीन. मी त्यांना रागावले नाही, कारण दुकानदाराकडे तो अहवाल विकायला आहे याचाच अर्थ असले अहवाल कुठंतरी न वाचता घेतले जातात. पुढच्या वेळी अहवाल दोन पानांचा केला, हातानं लिहायचा, आणि तोंडी परीक्षेला समोर स्वतःच्या घरची किंवा शेजाऱ्याची पट्टी ठेवायची. विकत मिळणारा माल आपोआप बंद झाला.

ओजेटीबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाबद्दल, एवढंच सांगते की, कृषी सेवा केंद्रात रोज संध्याकाळी चार तास काम करणाऱ्या आमच्या एका मुलाला 'कामाचा अनुभव' दाखवता येईना, कारण मालकाकडे लेटरहेड नाही. महाराष्ट्रात भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' उभं केलं. ती मुलं शेतात राबून शिकत होती, आणि त्यांच्या श्रमाला संस्थेत मान होता. आज कमावणारी मुलं आहेतच, फक्त त्यांचं कमावणं पोर्टलवर चढत नाही. लागवडीच्या दिवसांत वर्गातली हजेरी घसरते तेव्हा ती कुठं असतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याही फॉर्ममध्ये विचारली जात नाही. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं, ठरलेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, आणि वर एक कौशल्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. परत यायचं दारही उघडं ठेवलंय, क्रेडिट्स बँकेत जमा राहतात. कागदावर ही उदारता आहे. माझ्या गावात ती दारं आधी मुलींसाठी उघडतात. पूर्वी पहिल्या वर्षानंतर लग्न ठरलं तर 'शिक्षण सोडलं' म्हणत, आणि त्यात थोडी लाज होती. त्या लाजेच्या जोरावर आम्ही बापाशी दोन शब्द बोलू शकायचो. आता एक वडील माझ्यासमोर बसून म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेट मिळतंय की वर्षाचं. सरकारच देतंय." मुलगी शेजारी उभी होती. मी म्हटलं, तिची क्रेडिट्स जमा आहेत, ती परत येऊ शकते. वडील म्हणाले, येईल की. ती आजवर आलेली नाही.

उत्तरपत्रिकांकडे परत येते, कारण मला सगळ्यात जास्त तेच सलतं. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका एकत्र तपासतात त्या कॅप सेंटरवर आम्ही गठ्ठे घेऊन बसतो. कुणाचं अक्षर कुणाचं, माहीत नसतं, आणि निःपक्षपातासाठी ते तसंच हवं. मॉडेल उत्तर समोर असतं, मुद्दे मोजायचे, आकडा टाकायचा. समासात काही लिहायचं नसतं; लिहून वाचणार कोण? मुलाला फक्त आकडा दिसतो. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन तपासणी घाईनं आणली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना जावं लागलं, तेव्हा राज्यभर चर्चा झाली ती निकाल कधी लागणार याची. लागलेल्या निकालातून मुलाला काय कळणार, याची कधीच झाली नाही. आपली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती अधिकारात मान्य केला. विद्यापीठात छायांकित प्रतीसाठी अर्ज आहे, त्याचं शुल्क आहे, पुढं पुनर्मूल्यांकनाचं वेगळं शुल्क आहे. म्हणजे स्वतःचं उत्तर बघायचं तर आधी तक्रारदार व्हायचं.

माझ्या हातात अंतर्गत परीक्षा आहे, तेवढीच. सर्वसाधारण रिवाज असा की अंतर्गत गुण सढळ हातानं द्यायचे आणि विषय संपवायचा. मी एवढंच केलं: चाचणीत एकच मोठा प्रश्न, समासात पेन्सिलनं दोन-तीन ओळी, आठवड्याभरात कागद परत, आणि ज्याला हवं त्यानं तेच उत्तर पुन्हा लिहून आणायचं, दुसऱ्या उत्तराचे गुण धरायचे. पहिल्यांदा मुलांना वाटलं की ही शिक्षा आहे. 'मॅडम, पास आहे ना मी, मग परत कशाला?' मग हळूहळू ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशी मुलं दुसरा कागद आणू लागली. त्यांची सुरुवात सुधारली, आधी तर तेवढंच. पाठ केलेल्या व्याख्येऐवजी प्रश्नाला थेट उत्तर. एकानं तिसऱ्यांदाही लिहून आणलं आणि माझ्याच शेऱ्याशी वाद घातला. त्याचं बरोबर होतं. हे चमत्कार नाहीत. शंभर मुलांच्या वर्गात ते पुरं पडत नाही, रविवार जातात, आणि विद्यापीठाच्या पेपरला पुन्हा 'टीप लिहा'च येतं.

नव्या पॅटर्नची पहिली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल. त्या वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी सूचना मागवणारं पत्र स्टाफरूमच्या फलकावर लागलंय. मी दोनच सूचना पाठवल्या. एक, प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा हवा ज्याची माहिती तिथंच छापलेली असेल, एखादी पट्टी, भावांचा तक्ता, बातमीतले आकडे, आणि जो कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही. दोन, अंतर्गत मूल्यमापनाचा प्रत्येक कागद शेऱ्यासह ठरलेल्या दिवशी मुलाच्या हातात परत गेला पाहिजे, आणि तो दिवस वेळापत्रकात छापलेला असावा. घटकांची नावं बदलण्याबद्दल मी काहीच लिहिलं नाही.

मसुदा आमच्या विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या सरांना दाखवला. ते दोन कॉलेजांत शिकवतात, मानधन दिवाळीनंतर निघालं तर निघतं. त्यांनी दोन्ही सूचना वाचल्या, दुसरीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बरोबर आहे मॅडम. पण हे तपासायचे तास कशात धरणार?" त्यांचं म्हणणं खरं होतं. तासिकेत फक्त शिकवणं धरतात, वाचणं नाही. मी मसुद्यात तिसरी सूचना घातली: तपासणीचे तास कार्यभारात मोजावेत आणि तासिकेच्या दरानं त्याचे पैसे द्यावेत. प्राचार्यांनी सही करताना ती तिसरी सूचना दोनदा वाचली, आणि म्हणाले, पाठवा, पण ही खोडून येईल. आम्ही न खोडता पाठवली.